थंड बोर्डावरची मोजणी

ताईचा फोन आला तेव्हा सर्किट बोर्ड थंड होत होता. म्हणजे धाकट्याला बोलायला वेळ होता, आणि तीच त्याची पंचाईत झाली. मोजणी चालू असती तर त्यानं फोन उचललाच नसता. नंतर करतो असा निरोप टाकून मोकळा झाला असता, आणि ते नंतर नेहमीप्रमाणे आठवड्यानं उगवलं असतं. पण टेबलावरचा पंखा उघड्या बोर्डावर वारा घालत होता, पडद्यावर तापमानाचा आकडा सावकाश उतरत होता आणि हाताला दुसरा चाळा नव्हता. त्यानं फोन कानाला लावला. ताई म्हणाली, "मी आज आईला मारलं."

"काय?"

"मारलं. आधी कानाखाली दिली. मग दंड धरून गदागदा हलवलं. मग परत एक दिली." मागे कुठेतरी नळ चालू होता. ताईचा आवाज अगदी रोजचा होता, दुधाची पिशवी फाटली म्हणून सांगावं तसा. "ऐकतोयस ना? तू ये आणि तिला घेऊन जा. आजच. नाहीतर मी जीव घेईन तिचा. रागात बोलत नाहीये मी. राग सकाळीच संपला."

"अगं, हो, बघतो मी," धाकटा म्हणाला. "जरा इथे गडबड आहे. संध्याकाळी निवांत बोलू."

ताईनं फोन ठेवला. धाकट्यानं तो टेबलावर पालथा घातला आणि तापमानाकडे बघत बसला. आकडा खाली आला, हिरवा झाला. मोजणी सुरू करायला हरकत नव्हती. त्यानं सुरू केली नाही.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. पण घरात दुसऱ्या नावानं त्याला कुणी हाक मारलीच नाही. चाळिशी उलटली, पोट सुटलं, केस मागे हटले, तरी आईच्या लेखी तो धाकटाच राहिला, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते पद सोडवत नव्हतं. धाकट्याला घरात फार काही विचारत नाहीत. त्याचं काम मात्र मोठं नाजूक होतं. प्रोसेसरच्या एका इवल्याशा तुकड्यावर काम करणारे कोअर असतात, काही दांडगे, काही छोटे. ऑफिसात दांडग्यांना पैलवान म्हणत आणि छोट्यांना हमाल. पैलवान झपाझप काम उरकतो, पण वीज भसाभस खातो. हमाल हळू चालतो आणि थोडक्यात भागवतो. कुठलं काम कुणाच्या डोक्यावर द्यायचं हे ठरवणारा एक मुकादम ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसलेला असतो; शेड्युलर म्हणतात त्याला. या मुकादमाला स्वतःची अक्कल नसते. त्याच्यापुढे धाकट्यानं बनवलेला तक्ता असतो: हमालाला या वेगानं पळवलं तर खर्च इतका, पैलवानाला त्या वेगानं पळवलं तर तितका. मुकादम तक्त्यात बघतो आणि जिथे खर्च कमी तिथे काम ढकलतो. म्हणजे बहुतेक वेळा हमालाकडे. वीज वाचते, बॅटरी दिवसभर पुरते, सगळे खूश. तक्त्यातला एकेक आकडा धाकट्यानं स्वतः मोजलेला होता. आणि मोजणीचा त्याचा नियम कडक होता: आकडा घेण्याआधी बोर्ड थंड करायचा. गरम बोर्डावर घेतलेला आकडा घाणेरडा, असं तो नव्या लोकांना पहिल्याच दिवशी बजावायचा.

त्याच दिवशी सकाळी ऑफिसच्या प्रमुखानं भिंतीवर एक फोटो लावला होता. एका बाईचा उजवा तळहात. कातडी अंगठ्यापासून मनगटापर्यंत सोलून निघालेली, आतलं लाल मांस ओलं, आणि करंगळीला काळं प्लॅस्टिक चिकटलेलं. मोठ्या गोदामांत माल मोजायला हातात धरायचं जे यंत्र त्यांच्या ऑफिसात बनत असे, ते कामाच्या भरात तिच्या मुठीत फुगलं आणि फुटलं. याआधीही काही यंत्रं पाठ फुगून परत आली होती, पण माणूस भाजल्याची ही पहिलीच वेळ. प्रमुख म्हणाला, बॅटरीवाल्यांचा दोष आहे, आपला तक्ता चोख आहे, आपल्या थंड बोर्डवाल्यानं मोजलाय तो. सगळे हसले. धाकटाही हसला. फोटोकडे बघताना आपल्या मनात जे आलं ते वाईट वाटणं नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो जागेवर जाऊन बसला. त्याला तो हात दाबून बघावासा वाटला होता. सोललेल्या मांसावर बोट ठेवून, ती बाई किती जोरात ओरडते ते ऐकावंसं वाटलं होतं.

असलं काही त्याच्या मनात अधूनमधून येत असे आणि तो ते कुणाला सांगत नसे. उभ्या जन्मात त्यानं कुणावर हात उचलला नव्हता. आणि त्याच्याही अंगावर कुणाचा हात पडला नव्हता. ज्या घरात तो वाढला त्या घराचा विचार केला तर ही दुसरी गोष्ट नवलाचीच म्हणायला हवी. वडील छापखान्यात यंत्रावर होते. जिना चढताना त्यांच्या पायांचा आवाज यायचा आणि आई हातातलं काम टाकून तो ऐकायची. पावलं जड पडतात की घासत येतात, मधल्या वळणावर थांबतात की नाही, यावरून आत येणारा माणूस आज काय करणार हे तिला कळायचं, आणि ती तिथल्या तिथे वाटणी करून टाकायची. "ताई, तू दार उघड. धाकट्या, तू आत जा, अभ्यासाला बस." ताई दार उघडायची. कधी दार उघडल्याउघडल्या पहिली बसायची, कधी जेवताना, कधी वडील कपडे बदलून शांतपणे पट्टा हातात घेऊन यायचे तेव्हा. ओला पंचा पिळून त्याचा फटका मारायची त्यांची एक खास तऱ्हा होती. त्यानं कातडी फाटत नसे, आतून काळीनिळी होई. हे सगळं धाकट्यानं पाहिलेलं नव्हतं. ऐकलं होतं. आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचं आणि भिंतीपलीकडचं ऐकायचं. फटक्याचा आवाज यायचा, वडिलांच्या धापा यायच्या, मधूनच एखादं भांडं लवंडायचं. ताईचा आवाज यायचा नाही. ती ब्र काढत नसे. मग थोड्या वेळानं ती आत येई, माठातलं पाणी पिई आणि त्याच्या शेजारी बसून, कितवा धडा चाललाय, असं विचारी. तेव्हा त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं की ताईला फार लागत नाही. लागलं असतं तर ओरडली नसती का?

एकदा त्यानं वडिलांचा रेडिओ उघडला होता. आत कोण बोलतं हे बघायचं होतं असं नव्हे. तेवढा तो भोळा कधीच नव्हता. आतला कुठला भाग जास्त तापतो ते त्याला बोटानं बघायचं होतं. उघडला तो उघडला, पण परत बसवता येईना, तार तुटली, काच तडकली. आई दारात येऊन उभी राहिली. तिनं रेडिओ पाहिला, घड्याळ पाहिलं, मग दोन्ही पोरांकडे आळीपाळीनं पाहिलं. आत्ता, पंख्याच्या वाऱ्यात बसून, धाकट्याला तिची ती नजर लख्ख आठवली. त्यात माया नव्हती आणि दुष्टपणाही नव्हता. ती फक्त बघत होती, कुणावर टाकलं तर किती पडेल. "ताई, तू सांग, तू फोडलास," ती म्हणाली. "तुला चार बसतील आणि मिटेल. याला मारलं तर हा मरूनच जाईल." ताईनं मान डोलावली. त्या दिवशी वडिलांनी तिला रेडिओच्याच वायरनं मारलं. धाकटा आत पाढे म्हणत होता, मोठ्यानं, म्हणजे ऐकू येऊ नये म्हणून.

त्यानं बोर्डाची मोजणी सुरू केली नाही. त्याऐवजी खुर्ची मागे सारून तो उठला, परत आलेल्या यंत्रांच्या पेटीतून एक उचललं, फुगलेलं, मागचं झाकण आधीच उचकटलेलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून पिळला. झाकण कडकन तुटलं. आत बॅटरी उशीसारखी टम्म झाली होती. ती अलगद सोडवायची असते, प्लॅस्टिकच्या पट्टीनं, हातमोजे घालून. हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर मुठीत धरला आणि बॅटरीच्या पोटात खुपसला. फिस्स झालं. गोडसर उग्र वास आला, मग पांढरा धूर, मग एक जीभभर आग. धाकटा मागे हटला नाही. त्यानं पुन्हा खुपसला. त्याच्या दंडातून एक कळ वर गेली आणि ती सुखाची होती, इतकी उघड सुखाची, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण हात थांबेना. तिसऱ्यांदा खुपसताना प्रमुखानं त्याला मागून कवेत धरून ओढलं आणि कुणीतरी वाळूची बादली ओतली.

"डोकं फिरलं का तुझं?" प्रमुख ओरडला. "डोळे गेले असते!"

"बघत होतो," धाकटा म्हणाला.

"काय बघत होतास? माझं श्राद्ध?"

प्रमुख तसा भला माणूस होता. त्याची चरबट मान धाकट्याच्या अगदी तोंडाशी होती आणि तिथे एक शीर उडत होती. या मानेवर दात रोवले तर काय होईल, असं धाकट्याच्या मनात आलं. त्यानं सॉरी म्हटलं. प्रमुखानं त्याला पाणी दिलं, घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं, आणि तो सगळं ठीक आहे म्हणाला. हे वाक्य तो इतक्या सफाईनं म्हणत असे की कधी कुणाला पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

वाळू झाडून झाल्यावर त्यानं एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. पंखा बंद केला. चांगल्या यंत्राचं रबरी कवच आणून बोर्ड त्यात घातला, बॅटरी जिथे असते तिथे बॅटरी बसवली आणि झाकण गच्च लावलं, जसं ते गोदामातल्या त्या बाईच्या मुठीत असणार तसं. मग मुकादमाला मोकळं सोडलं. मुकादमानं तक्ता पाहिला आणि सगळी कामं हमालांवर ढकलली. बरोबरच होतं, तिथेच ती स्वस्त पडत होती. सुरुवातीला आकडे तक्त्याशी तंतोतंत जुळले. मग हमाल तापले. तापलेला कोअर काही काम न करताही वीज गळू देतो, आणि वीज गळली की अजून तापतो. ही गोष्ट धाकट्याला पुस्तकातून पाठ होती, पण तक्त्यात ती नव्हती, कारण तक्त्यातला प्रत्येक आकडा थंड बोर्डावर घेतलेला होता. काम तेवढंच, वेग तोच, आणि खाल्लेली वीज मात्र चढत चालली. दुप्पट झाली. मुकादमाला त्याचा पत्ताच नाही. तो तक्त्यात बघत होता, हमाल अजून स्वस्त आहे असं तिथे लिहिलेलं होतं, आणि तो आणखी कामं त्यांच्यावरच टाकत होता. पैलवान बाजूला गारेगार पडून होते. आणि ती सगळी धग शेजारच्या बॅटरीला लागत होती. कवचाला हात लावल्यावर धाकट्याच्या बोटाला चटका बसला. त्यानं बोट काढलं नाही, थोडा वेळ तसंच धरलं.

प्रत्येक आकडा खरा होता. त्यानं एकही खोटा लिहिला नव्हता. त्या बाईची कातडी तरीही त्यानंच सोलली होती. हे प्रमुखाला सांगायला हवं, आत्ता, याच क्षणी. पण सांगण्यासाठी उठताना त्याला ताई आठवली, आणि आठवली ती कशी, तर हातात चहाचा कप घेतलेली. तो तिच्याकडे जायचा तेव्हा दोन दिवस आधी कळवून जायचा. ताईनं अंघोळ केलेली असायची, केस नीट बांधलेले, आईच्या अंगावर धुतलेलं पातळ, घरात फिनेलचा वास. अर्धा तास बसायचा. "कसं चाललंय?" "चाललंय की." मग जिना उतरताना त्याला हायसं वाटायचं: जमतंय तिला. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ताईचं लग्न मोडून ती नुकतीच परत आलेली होती. आई म्हणाली, ताई आहे की, आणि तोही म्हणाला, ताई आहे की. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून ताईनं वडिलांचं हगणंमुतणं काढलं. वडिलांचा एक हात चालत होता, आणि ते त्या एका हातानं तिला मारत, घास भरवताना, तोंडावर. त्यांना जाळून आल्यावर आईचा प्रश्न निघाला. धाकट्याची बायको तेव्हा नुसतं एवढंच म्हणाली होती, "मी काही बोलत नाही, तुमच्या घरातलं तुम्ही बघा," आणि त्यानं बघितलं होतं. ताईची एक खोली जास्त आहे, ताईला सवय आहे, ताई काटक आहे. कुणी भांडलं नाही. ताईनंही नाही. त्याला आता कळत होतं की आपण ताईला कधी मोजलंच नव्हतं. ती निवल्यावर तेवढं जाऊन यायचो. उद्या सांगतो, असं स्वतःशी म्हणत त्यानं बोर्डाचा वीजपुरवठा तोडला आणि भर दुपारी ऑफिसातून बाहेर पडला.

रस्त्यावर ऊन रटरटत होतं. एका वळणावर मोटार मागे घेणाऱ्या माणसाशी एक रिकामा माणूस हुज्जत घालत होता आणि बघ्यांचा घोळका जमला होता. धाकटाही क्षणभर उभा राहिला, कुणी हात उचलतोय का बघायला. कुणी उचलला नाही. त्याची निराशा झाली. जिना चढताना आपली पावलं जड पडतायत हे त्याला ऐकू येत होतं, आणि वर कुणीतरी ती ऐकत असेल असं वाटून तो मधल्या वळणावर थांबला, मग थांबल्याचीच भीती वाटून भराभर चढला. न कळवता तो या घरी पहिल्यांदाच येत होता. दार सताड उघडं होतं. आत फिनेलचा वास नव्हता. उतू गेलेल्या दुधाचा होता, आणि मुताचा. ताई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल, ओठ सुकलेले. तिला ताप आहे हे लांबूनही कळत होतं. आई खिडकीपाशी खुर्चीत होती. डावा गाल सुजून डोळा बारीक झाला होता. बाहीच्या खाली दंडावर चार बोटं उमटली होती, निळी, आणि आतल्या बाजूला अंगठा.

"आलास?" आई म्हणाली. "पडले रे मी. मोरीत पाय सरकला."

"मारलं मी," ताई म्हणाली.

"काहीतरीच बोलते. ताप डोक्यात गेलाय तिच्या. तू जेवलास का?"

"चार दिवस ताप आहे मला," ताई त्याच्याकडे न बघता बोलू लागली. "सकाळी म्हटलं, आज तेवढा तुझा चहा तू कर. शेगडीपर्यंत चार पावलं आहेत. तर म्हणते, गुडघे उठू देत नाहीत. म्हटलं, मलाही उठवत नाही. तर हसली. हसून म्हणाली, तुला काय धाड भरलीय? तू लहानपणापासून दगड आहेस, तुला कुठे काय लागतं. मग मी उठले. उठवत नव्हतं तरी उठले. पहिली मारली तेव्हा हात आपोआप गेला. दुसरी मी मारली. बरं वाटलं मला. कळतंय का तुला? बरं वाटलं. उद्या परत मारीन, परवा परत. कधीतरी हात थांबणार नाही. बॅग भरून ठेवलीय तिची. घेऊन जा."

दाराशी बॅग खरोखरच होती. धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याला म्हणायचं होतं की चल आई, ऊठ. दुपारभर, ऊन तुडवत, तो हेच म्हणायला आला होता. तोंड उघडल्यावर भलतंच बाहेर पडलं, इतक्या गुळगुळीतपणे की ते बोलणारा दुसराच कुणी असावा असं त्याला वाटलं. "हो, नेतोच. फक्त हा महिना जाऊ दे. ऑफिसात एक भानगड झालीय, माझ्यामुळेच झालीय, ती निस्तरू दे. तोवर आपण एखादी बाई ठेवू दिवसभरासाठी. आणि तुला आधी डॉक्टरकडे—"

ताई उठली कधी हे त्यानं पाहिलं नाही. फटका बसला तो डाव्या कानशिलावर, उघड्या पंजाचा, आणि डोक्यात पांढरं काहीतरी फुटलं. जीभ दातांत सापडली. तोंडात खारट झालं. त्याला पडायचं कसं हेही ठाऊक नव्हतं. तो हात हवेत तसेच धरून कपाटावर आदळला. आश्चर्य याचंच वाटलं त्याला, की आवाज बाहेरून येत नाही, आतून येतो. इतकी वर्षं त्यानं भिंतीपलीकडून जो ऐकला तो हा आवाज नव्हताच.

"तोंड मिटून ठेव," ताई म्हणाली. तिनं दुसरा हात मागे नेला होता. "जबडा घट्ट. नाहीतर जीभ तुटेल. आणि अंग सैल सोड."

त्यानं जबडा मिटला. अंग सैल सोडायचा प्रयत्न केला. ताईनं मारलं. मग पुन्हा मारलं, पाठीवर, मुठीनं, आणि प्रत्येक फटक्याबरोबर तिच्या छातीतून हुंकार निघत होता, हुबेहूब वडिलांच्या धापांसारखा. धाकट्यानं हात वर केला नाही. हे संपू नये, अजून मारावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि तेवढ्यात आई किंचाळली.

"त्याला नको! त्याला नको मारूस, त्याला सवय नाही!"

आई उभी होती. खुर्ची मागे कलंडली होती, काठी खाली पडली होती, आणि आई काठीशिवाय, भिंतीला हात न लावता, खोली ओलांडून आली आणि दोघांच्या मधे हात पसरून उभी राहिली. "मला मार, काय मारायचं ते. याच्या अंगाला हात लावशील तर बघ." तिचा सुजलेला गाल थरथरत होता. आवाज खणखणीत होता. ताईचा हात वरच्या वर राहिला. ती आईकडे बघत होती, तिच्या पायांकडे बघत होती.

"तुला उठता येतं," ताई म्हणाली. अगदी हळू म्हणाली. "मधे येऊन उभं राहता येतं तुला."

आईला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. ती मागे वळून धाकट्याचा चेहरा चाचपायला लागली. "फार लागलं का रे? रक्त येतंय का? बघू." तिची बोटं थंड होती आणि त्यांना मायेचा ओलसर वास होता, तोच, आतल्या खोलीत पुस्तक उघडून देताना यायचा तो. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं आईचा दंड धरला. त्याची बोटं त्या निळ्या बोटांवर पडली आणि नेमकी बसली, एक इकडे नाही की तिकडे नाही, अंगठ्यावर अंगठा. त्यानं तिला बाजूला फेकलं. म्हातारीचं वजन ते किती असणार. ती गिरकी घेऊन गेली आणि तिचं कपाळ पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. तो आवाज मात्र बाहेरून आला.

उघड्या दारात शेजारीण येऊन उभी होती. ओल्या हातांनी आली होती, पदराला हात पुसत. "अगं बाई! काय झालं? कशानं पडल्या आजी?"

आई जमिनीवर उठून बसली होती. कपाळावरून रक्ताची धार नाकाच्या बाजूनं ओठांवर उतरत होती. तिनं एकवार धाकट्याकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. ती नजर धाकट्यानं ओळखली, आणि ओरडून तिला थांबवायला त्याचं तोंड उघडलं, पण आई जास्त चपळ होती. "हिनं ढकललं," ती म्हणाली आणि बोट ताईकडे केलं. "सकाळपासून मारतेय. बघा, गाल बघा माझा. हा बिचारा सोडवायला आला तर त्यालाही सोडलं नाही."

"मी ढकललं," धाकटा म्हणाला. "मी. आत्ता. या हातानं."

शेजारणीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, ओठावरच्या रक्ताकडे पाहिलं. मग ताईच्या विस्कटलेल्या केसांकडे आणि वळलेल्या मुठींकडे पाहिलं. "तुम्ही कशाला ढकलाल?" ती म्हणाली, समजूत घातल्यासारखी.

"बहिणीला पाठीशी घालतोय," आई म्हणाली. "पहिल्यापासून तिच्यावर जीव आहे त्याचा."

"बाई, मी खरं सांगतोय. मीच—"

"असू दे, असू दे. मी डॉक्टरांना फोन करते. तुम्ही आधी ते रक्त थांबवा." आणि ताईकडे एक नजर टाकून शेजारीण निघून गेली.

ताईनं कपाट उघडलं. कापसाचा गठ्ठा काढला, एक स्वच्छ फडकं काढलं आणि दोन्ही धाकट्याच्या हातात दिलं. तिचा चेहरा कोरडा होता. तिनं खुंटीवरची पर्स घेतली, चप्पल घातली, दाराशी भरून ठेवलेली आईची बॅग पायानं बाजूला सारली आणि गेली. जिन्यावर तिची पावलं एकसारखी वाजत होती. ती कुठेही थांबली नाहीत. मग रस्त्याच्या आवाजात ती वेगळी ऐकू येईनाशी झाली.

धाकटा जमिनीवर बसला. त्यानं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि फडकं कपाळावर धरलं.

"गेली?" आईनं विचारलं.

"हो."

"येईल. कुठे जाणार आहे? तिला कोण आहे आपल्याशिवाय." आईनं डोळे मिटले. "तू कशाला मधे बोललास? तिला काही होत नाही अशानं. तुझी नोकरी आहे, चार लोकांत नाव आहे. चहा प्यायचा होता रे. सकाळपासून चहा नाही. ती आली की सांग तिला." फडकं लाल झालं. त्यानं त्याची घडी उलटली आणि पुन्हा दाबलं. तळहाताखाली म्हाताऱ्या हाडाची कड लागत होती, आणि त्याखाली कुठेतरी ठणकणारी शीर.

"हलक्या हातानं धर," आई म्हणाली. "दुखतंय."

त्यानं ऐकलं, आणि तो दाबत राहिला.